महानगर म्हणजे नक्की केवढं? आणि मेट्रोपोलिसमधली आई कुठे गेली?

पाणवठा
सरळ मुद्द्यावर येतो. मोठ्या शहराला आपण महानगर म्हणतो. माझा दावा असा की हे मेट्रोपोलिसचं सरकारी भाषांतर आहे आणि फार ढिसाळ भाषांतर आहे. कारण ग्रीकमधे मेतेर म्हणजे आई, पोलिस म्हणजे नगर, मिळून मेट्रोपोलिस म्हणजे मातृनगर. त्यात मोठेपणाचा संबंधच नाही, आहे तो नात्याचा. कॉरिंथची माणसं बाहेर पडली, सिसिलीत जाऊन इसपू ७३३ च्या सुमारास त्यांनी सिराक्यूज वसवलं, झालं, कॉरिंथ हे सिराक्यूजचं मेट्रोपोलिस. नवं गाव वसवायला निघताना मूळ गावच्या सार्वजनिक अग्नीतला विस्तव बरोबर न्यायची रीत होती त्यांच्याकडे. पुढे सिराक्यूज एवढं फुगलं की ग्रीक जगातल्या सगळ्यात बलाढ्य शहरांत जाऊन बसलं, पण म्हणून काही ते कॉरिंथची आई झालं नाही.

आणि आपलं काय, तर महा. नुसता आकार. तोही किती ते कुणी सांगत नाही. इचलकरंजीला २०२२ मधे महानगरपालिका झाली, जालन्याला २०२३ मधे. आता महानगरपालिका आहे म्हणजे महानगर असणारच ना? पण "मी महानगरात राहतो" असं जालन्यातला माणूस म्हणेल का (जालनेकरांनी हलके घ्या)

तर शब्द आला कुठून, आणि केवढं झालं की महानगर, यावर जाणकारांनी लिहावं.

ढब्बू_मिरची
पहिला!
पोलिस म्हणजे नगर? मग चौकात पावती फाडतात ते कोण, नगरकर?

अर्धविराम
ढब्बू, हसताय खरं पण शब्द तोच आहे. पोलिसपासून पोलितेइया, म्हणजे नगराचा कारभार, तिथून लॅटिन आणि फ्रेंच मार्गे आपला पोलीस. पॉलिटिक्सही त्याच घरातलं.

धागाकर्त्यांना: महानगर हे भाषांतर नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत आहे तो शब्द. सहाव्या अध्यायात सूत्र आहे, "अमहन्नवं नगरेऽनुदीचाम्" (६.२.८९). ज्या नावांच्या शेवटी नगर येतं त्यांच्या पहिल्या पदावर स्वर कुठे द्यायचा याचा नियम सांगतोय तो, आणि त्यातून दोन पदं वगळतोय, महत् आणि नव. म्हणजे महानगर आणि नवनगर. आणि उदीच्य म्हणजे उत्तरेकडच्या लोकांच्या गावांना हा नियम लागत नाही हेही जाता जाता सांगितलंय. अपवाद म्हणून नाव काढावं लागलं याचा अर्थ लोकांच्या तोंडी हे शब्द रोज होते, नाहीतर त्याने सूत्रात अक्षर वाया घालवलं नसतं. अडीच हजार वर्षांच्या आसपासची गोष्ट आहे ही.

शेवटचा_डबा
म्हणजे मुंबई आणि नवी मुंबई दोन्ही पाणिनीने एकाच सूत्रात अपवाद म्हणून टाकली. माणूस द्रष्टा होता _/\_

पाणवठा
दंडवत घ्या अर्धविराम. बरं, शब्द जुना आहे हे मान्य. पण माझा मुद्दा अर्थाचा आहे. जुन्या महानगरातही महा म्हणजे मोठं एवढंच ना? नातं कुठेय त्यात?

सातबारा
व्युत्पत्तीवाल्यांचं चालू द्या, मी केवढं याचं उत्तर देतो, कारण रोज याच कागदांत डोकं असतं. आणि आधीच सांगतो की उत्तर एक नाहीये.

संविधानात ७४ वी घटनादुरुस्ती झाली १९९२ ची, तिने अनुच्छेद २४३ पी आणला, त्यात महानगर क्षेत्राची व्याख्या आहे. लोकसंख्या १० लाख किंवा जास्त, एक किंवा अधिक जिल्ह्यांत पसरलेलं, दोन किंवा अधिक नगरपालिका नाहीतर पंचायती नाहीतर लागून असलेले भाग मिळून झालेलं, आणि मुख्य म्हणजे राज्यपालांनी अधिसूचनेने तसं जाहीर केलेलं. म्हणजे नुसती माणसं मोजून होत नाही, कागद निघावा लागतो. आणि नीट वाचलंत तर संविधानाचं महानगर हे एक शहर नाहीच, तो अनेक गावाशहरांचा पुंजका आहे.

आता महानगरपालिका. आपल्या राज्यात ती ३ लाखांवर होते. त्याखाली नगरपरिषदा, त्यात अ वर्ग १ लाखावर, ब वर्ग ४० हजार ते १ लाख, क वर्ग २५ ते ४० हजार, आणि त्याहूनही खाली नगरपंचायत. म्हणजे कायद्याने महानगराला १० लाख लागतात आणि महानगरपालिकेला ३ लाखांत काम भागतं! घोळ इथे आहे. मूळ इंग्रजी कायद्यात महानगराचं नावही नाही, तिथे म्युनिसिपल कॉर्पोरेशन असा शब्द आहे आणि हिंदीवाल्यांनी त्याचं नगर निगम केलं, त्यात महा कुठेच नाही. मराठीत नगरपालिका हा शब्द म्युनिसिपालिटीला आधीच देऊन झाला होता, मग त्याच्या वरच्या पायरीला काय म्हणायचं, तर पुढे महा लावला. तो महा पालिकेचा आहे हो, नगराचा नाही. महा-नगरपालिका असं तोडून वाचा, महानगर-पालिका असं नाही. जालन्याचा प्रश्न एका झटक्यात सुटतो.

आकडे हवे असतील तर आज राज्यात महानगरपालिका २९ आहेत. २०११ च्या जनगणनेत १० लाखांवरचे नागरी समूह (म्हणजे शहर आणि त्याला चिकटलेली शहरं-वस्त्या एकत्र धरून) राज्यात फक्त ६ होते: बृहन्मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, वसई-विरार आणि तेव्हाचं औरंगाबाद. अख्ख्या देशात ५३. २००१ मधे हाच देशाचा आकडा ३५ होता.

काळी_मांजर
"महा-नगरपालिका असं तोडून वाचा" हे भारीच. वाचनखूण साठवली आहे.

ढब्बू_मिरची
सातबारा साहेब, १० लाखांवर महानगर तर १ कोटीवर काय?

सातबारा
संयुक्त राष्ट्रांच्या भाषेत मेगासिटी, १ कोटी किंवा जास्त. जनगणनावालेही तीच रेघ धरतात. २०११ मधे त्यात तीनच होती, बृहन्मुंबई १.८४ कोटी, दिल्ली १.६३ कोटी, कोलकाता १.४१ कोटी. मराठीत तिला कुणी महामहानगर म्हणतं, कुणी विराटनगर. दोन्ही वाचून हसू येतं.

खालची रेघही ऐका, ती जास्त मजेशीर आहे. कुठलंही वस्तीस्थान शहर म्हणून मोजायला जनगणनेत तीन अटी आहेत, लोकसंख्या निदान ५ हजार, दर चौरस किलोमीटरला निदान ४०० माणसं, आणि मुख्य कामधंदा असलेल्या पुरुषांतले निदान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात. बायका कुठे काम करतात ते या अटीत मोजतच नाहीत. नगरपरिषद वगैरे असेल तर या अटी न बघता थेट शहर.

चकवा
सातबारा, फौजदारी कायद्यातलं महानगर राहिलं की. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ८ होतं, १० लाखांवरचं शहर राज्य सरकार महानगर क्षेत्र म्हणून जाहीर करू शकेल असं, आणि मुंबई, कलकत्ता, मद्रास या तीन इलाखा शहरांबरोबर अहमदाबादला पहिल्या दिवसापासून महानगर धरलं होतं. म्हणूनच मुंबईत इतकी वर्षं महानगर दंडाधिकारी होते आणि बाकी जिल्ह्यांत न्यायदंडाधिकारी. १ जुलै २०२४ ला नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिने ही भानगडच काढून टाकली. फौजदारीपुरतं तरी देशात आता एकही महानगर उरलेलं नाही :)

आणि प्राप्तिकराचं तर विचारूच नका. घरभाडेभत्त्याच्या सवलतीसाठी वर्षानुवर्षं मेट्रो म्हणजे चारच, मुंबई दिल्ली कोलकाता चेन्नई, त्यांना पगाराच्या ५० टक्के आणि बाकीच्यांना ४०. आता केंद्र सरकारच्या नोकरांच्या भत्त्यासाठी शहरांचे एक्स वाय झेड असे वर्ग आहेत, त्यात पुणे एक्समधे. म्हणजे इतकी वर्षं एकाच माणसाला भत्ता देताना पुणे मोठं आणि त्याच भत्त्यावर कर लावताना पुणे लहान होतं.

शेवटचा_डबा
मेट्रो शब्दाचं मी सांगतो, रेल्वे हा आपला प्रांत.

लंडनला जगातली पहिली भुयारी रेल्वे १० जानेवारी १८६३ ला सुरू झाली, पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन, चालवणाऱ्या कंपनीचं नाव मेट्रोपोलिटन रेल्वे. म्हणजे राजधानीची रेल्वे, एवढाच अर्थ. पॅरिसने १९ जुलै १९०० ला स्वतःची चालू केली आणि नाव ठेवलं शमँ द फेर मेत्रोपोलितँ, म्हणजे महानगरी लोहमार्ग. एवढं लांबलचक नाव घाईत कोण घेणार, पॅरिसवाल्यांनी त्याचं मेत्रो केलं आणि तिथून तो शब्द जगभर गेला. लंडनवाले मात्र स्वतः ट्यूब म्हणत राहिले. आपल्याकडे कोलकाता १९८४, दिल्ली २००२, मुंबईत वर्सोवा-घाटकोपर २०१४.

आता गंमत बघा, मातृ+नगर यातलं नगर कापून टाकलं आणि आई तेवढी ठेवली. "आज मेट्रोने आलो" म्हणजे शब्दशः "आज आईने आलो". आणि पुण्या-नागपूरची मेट्रो चालवणारी जी सरकारी कंपनी आहे तिचं लघुरूप महामेट्रो. तिथला महा महाराष्ट्रातला आहे, पण वाचताना मोठी आईच वाटते.

अवांतर: जुन्या मुंबईकराला मेट्रो म्हणजे गाडी नाही, धोबीतलावचं मेट्रो थेटर, १९३८ चं. ते नाव हॉलिवूडच्या मेट्रो गोल्डविन मेयर कंपनीचं. माझे बाबा अजूनही "मेट्रोपाशी भेटू" म्हणतात आणि समोरचा विचारतो कुठलं स्टेशन.

रानमेवा
पाणवठा, तुम्ही मेट्रोपोलिसचं मराठी शोधताय ना? ते आहे आपल्याकडे. नकाशावर आहे. माहूर.

रेणुकामातेचं माहूर, नांदेड जिल्ह्यातलं, त्याचं जुनं नाव मातापूर. माता + पूर. मेतेर + पोलिस. शब्दाला शब्द.

अर्धविराम
रानमेवा, क्या बात है. आणि हे नुसतं अर्थाने जुळत नाही, दोन्ही तुकडे मुळातूनच एकमेकांचे भाऊबंद आहेत. मातृ आणि मेतेर तर उघडच आहे. पण पुर आणि पोलिस हेही भाषाशास्त्रज्ञ एकाच मुळाचे धरतात, लिथुआनियन भाषेत पिलिस म्हणजे किल्ला तोही त्यांच्यातलाच. ऋग्वेदात पुर् म्हणजे गाव नाही, तटबंदी केलेली जागा. इंद्र पुरंदर कशासाठी, तर शत्रूंचे पुर फोडतो म्हणून. ग्रीकांचं अक्रोपोलिसही तसंच, टेकडीवरची गढी. आधी तट, मग तटाच्या आत माणसं, मग तट पडला तरी नाव राहिलं.

ढब्बू_मिरची
म्हणजे किल्ले पुरंदर म्हणजे किल्ले किल्लाफोड्या?

अर्धविराम
लोल. हो.

दप्तरदार
चांगला चाललाय धागा. तुम्ही सगळे नगर आणि पूर धरून बसलात, रोज तोंडात असलेल्या शहर शब्दाकडे कुणी बघितलं नाही.

शहर फारसी. पण मागे गेलात तर जुन्या फारसीत तो क्षश्श असा काहीतरी उच्चार असलेला शब्द, अवेस्तात क्षथ्र, आणि आपल्या संस्कृतात क्षत्र. म्हणजे सत्ता, राज्य. क्षत्रप, क्षत्रिय हे त्याच गोतातले. सासानी काळातल्या फारसीत शहर म्हणजे देश, ते आपल्या साम्राज्याला एरानशहर म्हणायचे, इराण्यांचं राज्य. मग अर्थ आक्रसत आक्रसत अख्ख्या राज्याचा एका गावावर आला. बहुतेक शब्द फुगतात, हा उलटा आटला. तेव्हा शहरात मोठेपणाही नाही आणि आईही नाही, शहर म्हणजे जिथून हुकूम निघतो ते. मला विचाराल तर तिन्हीत हाच शब्द सगळ्यात खरं बोलतो.

जुन्या मराठी कागदांत शहर शब्द येतो पण गावाची पायरी सांगायला कसबे आणि मौजे. कसबे पुणे, मौजे अमुक तमुक. कसबा म्हणजे परगण्याचं मुख्य गाव, बाजार, अंमलदार, काझी, सगळं तिथे. लोकसंख्या कुणी मोजत नव्हतं, काय काय आहे ते बघून पायरी ठरायची.

काळी_मांजर
कसबा म्हणजे जिथे कसबी लोक, कारागीर राहतात ते ना?

दप्तरदार
नाही. ऐकायला सारखे, पण अरबीत वेगळे शब्द. कसब म्हणजे कमाई, हुन्नर, त्यातला क आणि स साधे. कसबा मधले क आणि स वेगळ्या अक्षरांचे, घशातला काफ आणि जाड साद. मराठीत दोन्ही सपाट झाले म्हणून घोटाळा होतो. उत्तर आफ्रिकेतल्या शहरांत जुन्या तटबंदीच्या भागाला कस्बा म्हणतात तो आणि पुण्याचा कसबा एकच शब्द.

तापीकाठ
आमच्या खानदेशाकडे कुणी बघणार आहे का? अमळनेर, जामनेर, पिंपळनेर. ही नेर म्हणजे नगरच. नगर, प्राकृतात णयर, तिथून नेर. संगमनेर, पारनेर सगळी त्यातली, राजस्थानातलं बिकानेरही. म्हणजे जिथे लोक म्हणतात "आमचं छोटंसं गाव" तिथे नावातच नगर दडलंय, आणि वर "संगमनेर नगरपरिषद" लिहिलं की एकाच पाटीवर नगर दोनदा.

जुन्नरलाही जीर्णनगर म्हणतात, म्हणजे जुनं नगर. पाणिनीच्या नवनगराचं उलटं टोक.

पाणवठा
सगळ्यांचे आभार, पण मी माझा मुद्दा सोडणार नाहीये :) पुर म्हणजे तट, शहर म्हणजे सत्ता, कसबा म्हणजे परगण्याचं ठाणं, ठीक. मातापूर भारी आहे पण तिथे माता म्हणजे देवी, दुसऱ्या गावाची आई नाही. एका नगरातून दुसरं नगर निघालं आणि त्यांचं नातं शब्दात धरलं असं आपल्याकडे काहीच नाही? की आपण फक्त मोठं आणि लहान एवढंच बघितलं?

अर्धविराम
आहे. दोन भागांत सांगतो, पहिला महा बद्दल.

पाली महापरिनिब्बानसुत्तात प्रसंग आहे. बुद्ध कुसिनाऱ्यात शेवटच्या शय्येवर आहेत आणि त्यांचा शिष्य आनंद त्यांना विनवतो की भगवंतांनी या फुटकळ गावी देह ठेवू नये, दुसरी महानगरं आहेत ना. आणि सहा नावं घेतो, चंपा, राजगृह, श्रावस्ती, साकेत, कौशांबी, वाराणसी. मूळ शब्दच महानगर आहे, महानगरानि. आता ती महानगरं का? आनंद तिथली लोकसंख्या सांगत नाही. तो म्हणतो तिथे धनाढ्य क्षत्रिय आहेत, ब्राह्मण आहेत, गृहपती आहेत, त्यांची तथागतांवर श्रद्धा आहे, ते देहाची पूजा नीट करतील. म्हणजे महानगर म्हणजे जिथे मोठी कामं निभावून नेणारे लोक आहेत ते. बुद्ध त्याला गप्प करतात ते वेगळंच, म्हणतात असं बोलू नकोस, हीच एके काळी कुशावती नावाची राजधानी होती, बारा योजनं लांब.

दुसरा भाग तुमच्या कामाचा. कुसिनाऱ्याला नावं ठेवताना आनंद तीन शब्द वापरतो आणि त्यातला एक आहे साखानगरक. संस्कृतात शाखानगर. अमरकोशात दुसऱ्या कांडाच्या पुरवर्गात त्याचा अर्थ दिलाय, नगराचे पर्याय सांगतो, पुरी, नगरी, पत्तन, पुटभेदन, स्थानीय, निगम, आणि मग म्हणतो "अन्यत्तु यन्मूलनगरात्पुरं तच्छाखानगरम्". मूळ नगराहून वेगळं असं जे दुसरं पुर, ते शाखानगर. मूलनगर आणि शाखानगर. घ्या तुमचं नातं. ग्रीकांनी ते माय-लेकीचं केलं, आपल्याकडे झाडाचं आहे. (निगम पण तिथेच आहे बघा, हिंदीवाल्यांचं नगर निगम म्हणजे अमरकोशाप्रमाणे नगर-नगर.)

पाणवठा
मूलनगर! हेच हवं होतं. शब्दकोशवाल्यांनी मेट्रोपोलिसला मूलनगर म्हणायला हवं होतं.

चकवा
थांबा थांबा, मला नाही पटत. मेट्रोपोलिसचं ते आईपण तुम्ही समजताय तेवढं गोड नव्हतं. कॉरिंथचीच दुसरी वसाहत कॉर्सिरा, आजचं कॉर्फू. तिच्यात आणि कॉरिंथमधे एपिडॅम्नस नावाच्या गावावरून जुंपली, आणि ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीज लिहितो की कॉरिंथवाल्यांचा जुना राग असा की कॉर्सिराचे लोक उत्सवात आणि यज्ञात मूळ नगराच्या माणसाला पहिला मान देत नाहीत, स्वतःला फार शहाणे समजतात. इसपू ४३३ ला दोघांचं समुद्रात मोठं युद्ध झालं, आणि ४३१ ला अथेन्स-स्पार्टाचं जे महायुद्ध पेटलं त्याच्या कारणांत हे एक. मानपानाचं भांडण!

आणि पुढे तर शब्द आणखी खालावला. रोमन काळात आशियातली शहरं मेट्रोपोलिस हा किताब मिळवायला एकमेकांशी भांडायची, इफेसस, स्मर्ना, पर्गामम. मग चर्चने घेतला, प्रांताच्या मुख्य शहराचा बिशप तो मेट्रोपॉलिटन, इसवी सन ३२५ च्या निकियाच्या परिषदेच्या नियमांत आहे, केरळात अजूनही बिशपांना तसंच म्हणतात. आणि मग फ्रेंचांनी मेत्रोपोल म्हणजे मालक देश आणि बाकी सगळ्या वसाहती असा अर्थ केला, समुद्रापारचे प्रदेश वगळून जो युरोपातला फ्रान्स उरतो त्याला ते आजही मेत्रोपोलितेन फ्रान्स म्हणतात. तेव्हा आई वगैरे ठीक, पण ती शब्दात राहिली ती हक्क सांगायला. त्यापेक्षा नुसता आकार मोजणारा आपला महा बरा, निदान कुणाच्या डोक्यावर बसत नाही.

दप्तरदार
चकवा यांना अनुमोदन. शेवटी मेट्रोपोलिसही शहर शब्दाच्याच अर्थावर आला, जिथून हुकूम निघतो ते.

काळी_मांजर
नागरिक शब्दाचं पण सांगा ना कुणीतरी, नगरावरूनच आलाय ना?

अर्धविराम
हो, पण आज अर्थ आहे तसा नव्हता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नागरिक हा अधिकारी आहे, नगराचा प्रमुख. धर्मशाळेत कोण परका उतरला त्याची खबर त्याच्याकडे यायची, उन्हाळ्यात आगी लागू नयेत म्हणून घराघरात पाण्याचे घडे भरून ठेवलेत का ते तो बघायचा, नसले तर दंड. आयुक्त, अग्निशमन दल आणि पोलीस एकाच माणसात. तेव्हा आज "जागरूक नागरिक" म्हणून आपल्यालाच जी कामं सांगतात ती मुळात त्या पगारी माणसाची होती.

आणि पाणिनीचं अजून एक, "नगरात् कुत्सनप्रावीण्ययोः" (४.२.१२८). नगरापासून नागरक शब्द होतो तो दोनच अर्थांनी, निंदा करायची असेल तर किंवा कौशल्य सांगायचं असेल तर. काशिका या पाणिनीवरच्या जुन्या टीकेत उदाहरणं दिलीत, वाटेवर लुटलं कुणी? असेल कुणी नागरक, चोरच असतात ते. हे सुंदर चित्र काढलं कुणी? असेल कुणी नागरक, प्रवीणच असतात ते. शहरातल्या माणसाबद्दल गावाला काय वाटतं ते एका सूत्रात.

तापीकाठ
अजूनही तेच वाटतं :)

शेवटचा_डबा
मूलनगर शाखानगर हे मुंबईला लावून बघा बरं. सरकारी भाषेत दोन जिल्हे, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर, उपनगर जिल्हा १९९० चा. २०११ मधे शहर ३१ लाखांच्या आत आणि उपनगर ९३ लाखांच्या वर. मुख्य नगराच्या तिप्पट उपनगर! दादरच्या पुढे राहणारा माणूस मात्र अजूनही कुलाब्याकडे जाताना "टाऊनला चाललोय" म्हणतो, शाखानगरच झालं की हे. आणि शाखा तरी किती, ठाणे १८ लाख, कल्याण-डोंबिवली १२ लाख, वसई-विरार १२ लाख, नवी मुंबई ११ लाख, सगळ्या १० लाखांच्या वर. एकेक शाखा खोडाएवढी.

सातबारा
म्हणून तर १९७५ ला एमएमआरडीए काढावं लागलं, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. संविधानातली व्याख्या येण्याआधी १७-१८ वर्षं आपल्याकडे महानगर प्रदेश हा शब्द कागदावर चालू होता. पुण्याला तसं प्राधिकरण व्हायला २०१५ उजाडलं.

जाता जाता, अनेक शहरं वाढत वाढत एकमेकांना चिकटतात त्याला इंग्रजीत कॉनर्बेशन म्हणतात, तो शब्द नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१५ मधे पाडला आणि हेच गेडिस १९१९ ला मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून आले. शब्द पाडून चार वर्षांनी त्याचं जितंजागतं उदाहरण बघायला मिळालं त्यांना.

कोपऱ्यावरचा_ठाणेकर
कोण कुणाची शाखा? शिलाहार राजांच्या ताम्रपटांत स्थानक आहे, राजधानीचं गाव. मुंबई तेव्हा सुटी सुटी बेटं होती. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघाली ती कुठे, ठाण्याला. मूलनगर आम्ही, तुम्ही शाखा. मान द्या, नाहीतर त्या कॉरिंथवाल्यांसारखं करावं लागेल.

शेवटचा_डबा
मान देऊ हो, आधी घोडबंदर रोड मोकळा करून दाखवा.

सातबारा
ठाणेकर, मान सोडा, थोडक्यात वाचलात. मुंबईची हद्द १९५० ला वाढली आणि पुन्हा १९५७ ला, दुसऱ्या वेळी दहिसर आणि मुलुंडपर्यंत आली, या वाढीत ती बृहन्मुंबई झाली (बृहत् + मुंबई, पुढे म आला म्हणून त् चा न्, ते बृहनमुंबई नाही, पाट्या रंगवणाऱ्यांनी नोंद घ्यावी). रेघ मुलुंडला थांबली म्हणून १९८२ ला तुमची महानगरपालिका वेगळी झाली. मुलुंड हा टी वॉर्ड आहे. रेघ एक स्टेशन पुढे गेली असती तर शिलाहारांची राजधानी आज यू वॉर्ड असती.